तक्ता मुलांनी मांडायला हवा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांमध्ये एक्सेल पोचले आहे, पण ते अजून वर्गात गेलेले नाही. ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे. पटसंख्या, पोषण आहाराच्या तांदळाचा साठा, सत्राचे निकाल, अशी माहिती वरून आलेल्या कोऱ्या तक्त्यात भरून शिक्षक ती केंद्रप्रमुखांकडे पाठवतात. तिथून ती तालुक्याला जाते, मग जिल्ह्याला. ज्या मुलांची ही माहिती असते ती मुले शेजारच्या खोलीत सरासरी, शेकडेवारी आणि स्तंभालेख शिकत असतात, आणि पुस्तकातल्या कुणा काल्पनिक दुकानदाराच्या विक्रीवर ती उदाहरणे सोडवत असतात. दोन्ही कामे एकाच छपराखाली चालतात, पण त्यांची गाठ पडत नाही. ती घालून देता येते, आणि त्यासाठी महागडे शैक्षणिक ॲप किंवा नवे उपकरण लागत नाही. हिशेब-पत्रव्यवहारासाठी वापरली जाणारी एक्सेल, वर्ड यांसारखी साधी सॉफ्टवेअर ही शाळेत शिकण्याची फार मोलाची साधने होऊ शकतात, असे माझे ठाम मत आहे. अट एकच, पण ती मोठी आहे: तक्ता मुलांनी स्वतः मांडला पाहिजे. शिक्षकाने घरून तयार करून आणलेला आणि पडद्यावर दाखवलेला तक्ता मुले फळ्याइतक्याच निमूटपणे पाहतात.

एक्सेलसारख्या तक्त्याच्या सॉफ्टवेअरची, म्हणजे स्प्रेडशीटची, कल्पना सुचली तीच मुळी वर्गात. १९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणारा डॅन ब्रिकलिन आपल्या प्राध्यापकांना फळ्यावर आर्थिक हिशेब मांडताना पाहत होता. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे पुसणे-लिहिणे यंत्रानेच केले तर, या विचारातून त्याने बॉब फ्रँकस्टनच्या साथीने व्हिजिकॅल्क तयार केले आणि १९७९ मध्ये ते ॲपल-२ या संगणकावर बाजारात आले. मायक्रोसॉफ्टचे एक्सेल १९८५ चे, तेही आधी मॅकिंटॉशवर. पुढे व्यापारजगताने हे साधन उचलले आणि त्याचा वर्गाशी असलेला संबंध मागे पडला. पण ‘हा आकडा बदलला तर काय होईल?’ असे पुन्हा पुन्हा विचारता यावे, हाच त्याचा गाभा आजही आहे. आणि गणिताच्या तासाला मुलाला सर्वांत कमी वेळा विचारायला मिळतो तो हाच प्रश्न. वहीत एक उदाहरण सोडवायला दहा मिनिटे जातात, उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराशी जुळते, आणि पुढचे उदाहरण सुरू होते. व्याजाचा दर आठऐवजी नऊ असता तर? मुदत दुप्पट केली तर चक्रवाढ व्याजही दुप्पटच होते का? हे करून पाहायला तासात वेळ उरलेला नसतो, आणि तोवर हातही थकलेला असतो.

महाराष्ट्राला ही सॉफ्टवेअर ओळखीची झाली ती मुख्यतः एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमामुळे. राज्य सरकारच्या पुढाकाराने २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली, पाठोपाठ हा अभ्यासक्रम आला, आणि तालुक्याच्या बाजारपेठांपर्यंत संगणक केंद्रे निघाली. ज्या घरांत कधी संगणक आला नव्हता त्या घरांतल्या मुलामुलींनी तिथे पहिल्यांदा माऊस हातात धरला. हे काम लहान नव्हे, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र नोकरीच्या अर्जाला जोडायचे प्रमाणपत्र म्हणून ते शिक्षण रुजले, आणि शाळेतल्या संगणकाच्या तासानेही बरेचसे तेच वळण घेतले. अक्षर ठळक कसे करायचे, बेरजेचे बटण कुठे आहे, स्लाइडला रंग कसा द्यायचा, हे मुलांना येते. ते कशासाठी करायचे हे त्या तासात येत नाही. संगणकाचा तास वेगळा आणि गणित, भूगोल, मराठीचे तास वेगळे, अशी वाटणी होऊन बसली.

ही वाटणी मोडली तर काय हाती लागते, ते रत्नागिरीच्याच आकड्यांवर पाहू. राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांच्या लोकसंख्येची तुलना आहे. त्या पाठाच्या आधी मुलांना २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांची यादी द्यावी. तेव्हा जिल्हे पस्तीस होते. पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला. प्रत्येक जिल्ह्यापुढे चार रकाने: २००१ ची लोकसंख्या, २०११ ची लोकसंख्या, पुरुष आणि स्त्रिया. जनगणनेचे हे आकडे सर्वांसाठी खुले आहेत, आणि मुलांनी जिल्हे वाटून घेतले तर ते भरायला फार वेळ लागत नाही. पाचव्या रकान्यात वाढीच्या टक्केवारीचे सूत्र मुलांनी एकदा लिहायचे, शेवटच्या ओळीपर्यंत खाली ओढायचे आणि त्या रकान्यानुसार सगळे जिल्हे उतरत्या क्रमाने लावायचे. सर्वांत वर ठाणे येते, छत्तीस टक्के वाढीचे. राज्याची एकूण वाढ सोळा टक्के. आणि तळाला तीन जिल्हे उणे चिन्हासह दिसतात: सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि मुंबई शहर. रत्नागिरीची लोकसंख्या दहा वर्षांत १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. म्हणजे ८१,७०८ माणसे कमी झाली, घट ४.८ टक्क्यांची. मुंबई शहराची घट साडेसात टक्क्यांची.

आता सहावा रकाना करायचा: स्त्रियांची संख्या भागिले पुरुषांची संख्या, गुणिले हजार. पुन्हा क्रम लावला की तळातली रत्नागिरी एकदम पहिली येते. ८,५३,९४८ स्त्रिया आणि ७,६१,१२१ पुरुष, म्हणजे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. हजाराच्या वर गेलेला दुसरा जिल्हा एकच, सिंधुदुर्ग, १०३६. आणि मघाशी रत्नागिरीबरोबर तळाला असलेले मुंबई शहर इथे ८३२ वर, सर्वांत शेवटी. लोकसंख्या दोन्हीकडे घटली, मग या यादीत एक जिल्हा पहिला आणि दुसरा शेवटचा का? असा प्रश्न पडावा म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. कोणीतरी घाईने म्हणेल की रत्नागिरीत मुली जास्त जन्माला येत असतील. ठीक आहे, मग शून्य ते सहा वयोगटातल्या मुलामुलींचे आकडे आणून सातवा रकाना भरा. तिथे रत्नागिरीचेही प्रमाण हजाराच्या खालीच आहे. म्हणजे मुली जास्त जन्मत नाहीत. मुलगे मोठे होतात आणि जिल्हा सोडून जातात. कोण जातात, कुठे जातात, आणि गणपतीला कोणत्या गाड्यांनी परत येतात, हे कोकणातल्या मुलाला सांगावे लागत नाही. मुंबई शहराची घट मात्र वेगळी: तिथल्या जागा परवडेनाशा झाल्या आणि कुटुंबे उपनगरांकडे, ठाण्याकडे सरकली, म्हणूनच यादीच्या डोक्यावर ठाणे आहे. तर्क करणे, तो दुसऱ्या आकड्यांवर घासून पाहणे, टिकला नाही तर सोडून देणे, ही विज्ञानाची रीत मुले इथे स्वतःच्या गावावर वापरतात. हातांनी करायचे म्हटले तर यात सहा-सात आकडी संख्यांचे सत्तर भागाकार आहेत. कोणताही समंजस शिक्षक तो गृहपाठ देणार नाही, आणि म्हणून तो प्रश्नही आजवर विचारला गेलेला नाही.

भूगोलापेक्षाही मोठा लाभ बीजगणितात आहे, असे मला वाटते. अक्षराने संख्या दाखवणे, म्हणजे ‘क्ष’ ही कोणतीही संख्या असू शकते हे मान्य करणे, इथे पुष्कळ मुलांचा पाय अडकतो. इंग्लंडमधल्या रोझामंड सदरलँड आणि मेक्सिकोतल्या तेरेसा रोहानो या गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये आपला एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही देशांतल्या शाळकरी मुलांना त्यांनी बीजगणितातली शाब्दिक उदाहरणे स्प्रेडशीटवर सोडवायला दिली होती. मुले एरवी माहीत असलेल्या संख्येपासून सुरुवात करतात आणि अज्ञात संख्येला हात लावायला कचरतात. तक्त्यातल्या चौकटीला अज्ञात मानून तिच्यावर क्रिया करत जाणे त्यांना जमू लागले, असे त्यात आढळले. कारण समजण्यासारखे आहे. चौकट डोळ्यांना दिसते, तिला नाव आहे, तिच्यात आज एक आकडा आहे आणि उद्या दुसरा असेल. शाळेच्या पोषण आहाराचाच हिशेब घ्या. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम, असे प्रमाण आहे. दोन रकान्यांत रोजची उपस्थिती, तिसऱ्यात लागलेला तांदूळ, चौथ्यात शिल्लक. हजेरी बदलली की तांदूळ बदलतो, सूत्र बदलत नाही. सहावीतल्या मुलीने हे सूत्र स्वतः लिहिले आणि महिन्याच्या तीस ओळी आपोआप भरलेल्या पाहिल्या, तर चल म्हणजे काय आणि स्थिर म्हणजे काय, याची व्याख्या तिला पाठ करावी लागणार नाही.

वरच्या वर्गांसाठी रत्नागिरीत आंब्याहून चांगला विषय कोणता? वाशीच्या बाजारातून बागायतदाराला दलालाची पट्टी येते. पेट्या किती, भाव काय, त्यातून वाहतूक, हमाली आणि इतर खर्च वजा, आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. पाडावळीपासून पेटी भरेपर्यंतची मजुरी, खोका, गवत हे खर्च घरचे, पट्टीत न दिसणारे. हंगाम पुढे सरकला, भाव उतरू लागले की कोकणातल्या प्रत्येक बागेत एकच प्रश्न असतो: अजून पेट्या पाठवायच्या, की आंबा किलोवर कॅनिंगला द्यायचा? पेटीचा भाव कितीवर आला की दोन्हींत सारखेच पैसे सुटतात? हा प्रश्न म्हणजे दहावीच्या बीजगणितातल्या पहिल्याच प्रकरणातली दोन चलांची रेषीय समीकरणे, आणि आलेखावर त्या दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू म्हणजे बागायतदाराचा निर्णय. घरातल्या खऱ्या पट्टीवरचे आकडे घालून मुलांनी हा तक्ता केला तर शाळेतले गणित घरी ओटीवर वाचले जाईल. यात एक पथ्य सांभाळायला हवे. कोणाच्या घरची मिळकत वर्गात उघडी होता कामा नये. आकडे नाव न लावता घ्यावेत, किंवा सर्वांनी मिळून एक नमुना पट्टी ठरवावी.

वर्डचा उपयोग यापेक्षा साधा, पण दुर्लक्षित आहे. मराठीच्या उपयोजित लेखनात मुले पत्र, बातमी, जाहिरात लिहितात, शिक्षक लाल शाईने खुणा करतात, वही मिटते. खाडाखोडीशिवाय पुन्हा लिहायचे तर सगळेच नव्याने लिहावे लागते, म्हणून दुसरा मसुदा कोणी लिहीत नाही. आणि लिहिणे शिकले जाते ते दुसऱ्या मसुद्यात. वाक्य उचलून वर नेता आले, परिच्छेद तोडता आला, शिक्षकांनी केलेले बदल वेगळ्या रंगात दिसले आणि त्यातला प्रत्येक बदल स्वीकारायचा की नाही हे मुलाला ठरवता आले, तर लेखनाचा तास बदलेल. युनिकोडमुळे एका संगणकावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर मोडत नाही. फॉन्ट बदलला की अक्षरांचे चौकोन होण्याचे दिवस गेले.

पॉवरपॉइंटबद्दल मात्र माझे मत सावध आहे. डिजिटल शाळांच्या उत्साहात सर्वांत जास्त वापरले गेले ते हेच, आणि तेही शिक्षकाच्या बाजूने. मुद्दे तुकड्यातुकड्यांत मांडले की त्यांतला कार्यकारणसंबंध गळून पडतो, ही टीका माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी २००३ मध्ये केली. ज्या कोलंबिया यानाच्या अपघातात कल्पना चावला गेल्या त्याच्या चौकशी मंडळानेही त्याच वर्षी, महत्त्वाचा इशारा स्लाइडच्या मुद्द्यांत दबून गेल्याकडे बोट दाखवले. मुलांनी क्षेत्रभेटीचे छायाचित्रांसह सादरीकरण करावे, पण ते परिच्छेदात लिहून झाल्यावर.

यावर आक्षेप घेतले जातात आणि ते गंभीर आहेत. पहिला, यंत्राने हिशेब केला तर मुलांचा हात मोडेल. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे ४३ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले, अशा वेळी एक्सेलची चैन कशाला? लोकमान्य टिळक, महर्षी कर्वे आणि रँग्लर परांजपे असे गणित शिकवणारे तिघे ज्या जिल्ह्यात जन्मले, तिथे ही काळजी कोणाला पटणार नाही? पण क्रम नीट लावला तर ती काळजीच या साधनाच्या बाजूने जाते. पाचवीपर्यंत पाढे आणि हातचे हिशेब, त्यात तडजोड नको. नंतरही तक्त्यातल्या पहिल्या दोन ओळी वहीत सोडवायच्या, तिसरीचे उत्तर अंदाजाने सांगायचे, आणि मगच सूत्र ओढायचे. अंदाजाशी न जुळलेले उत्तर संशयाने पाहायला शिकणे हा हिशेबाच्या शिक्षणाचाच भाग आहे, आणि नुसत्या वहीत तो सहसा शिकवला जात नाही.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, २०१५ मध्ये जाहीर केलेल्या अहवालात शाळांतल्या संगणकांवर मोठा खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित आणि विज्ञानातली कामगिरी ठळकपणे सुधारलेली दिसली नाही, आणि संगणक फार जास्त वापरणारी मुले मागेच होती. हा निष्कर्ष मी पूर्णपणे मानतो. तो सांगतो की यंत्र आणून ठेवल्याने शिक्षण सुधारत नाही. त्याच अहवालात माफक वापर करणारी मुले अगदी क्वचित वापर करणाऱ्यांपेक्षा काहीशी पुढे आढळली होती. महिन्यातून दोन-तीन तास, एखादा नेमका प्रश्न घेऊन, एवढाच वापर मी सुचवतो आहे. रोजचा पडदा मला नकोच आहे.

तिसरा आक्षेप परिस्थितीचा: संगणक एखाददुसरा, पावसाळ्यात वीज बेभरवशाची, शिक्षकांवर आधीच माहिती भरण्याचा भार. यातले काहीच खोटे नाही. पण कोकणातल्या कितीतरी शाळा कमी पटाच्या आहेत, आणि जिथे वर्गात आठ-दहा मुले आहेत तिथे एका संगणकाभोवती पूर्ण वर्ग बसू शकतो. एकाने टंकायचे, बाकीच्यांनी सूत्र सुचवायचे आणि चुका पकडायच्या. एकेका मुलाला एकेक संगणक दिल्यावर जी चर्चा होत नाही ती इथे होते. इंटरनेट लागत नाही, लिबरऑफिस फुकट मिळते, त्याची मराठीतली शिकवणी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने केली आहे. एकाच कंपनीचे गिऱ्हाईक घडवण्याची भीतीही त्याने मिटते. केरळने शाळांतले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेऊन हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले आहे. शिक्षकांचा भार मात्र खरोखरच कमी करावा लागेल. तोच आकडा चार वेळा चार नमुन्यांत मागवणे थांबले, तर त्या वाचलेल्या तासांत हे काम बसेल.

उरतो चुकांचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एक्सेल चुकीच्या सूत्राचे उत्तरही तितक्याच सुबकपणे दाखवते. अर्थतज्ज्ञ कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये मांडले की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की वाढ खुंटते. अशा देशांची सरासरी वाढ त्यांनी उणे ०.१ टक्का दाखवली होती. युरोपात सरकारी खर्चकपातीच्या समर्थनार्थ हा आधार वारंवार दिला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातला स्वाध्याय म्हणून तो हिशेब पुन्हा करू लागला आणि त्याला ते उत्तर येईना. त्याने मूळ तक्ता मागवला. सरासरीचे सूत्र शेवटच्या काही ओळींपर्यंत ओढलेलेच नव्हते. पाच देश हिशेबातून सुटले होते. ही चूक आणि निवड व भारांकनाबद्दलचे इतर आक्षेप दुरुस्त केल्यावर २०१३ मध्ये उत्तर आले अधिक २.२ टक्के. या प्रकरणावरून तक्ता धोक्याचा असतो असे कोणी म्हणू शकेल. मला त्यातून दिसते ते हे, की मोठमोठ्या अर्थतज्ज्ञांची चूक एका विद्यार्थ्याला सापडली, कारण त्याला दुसऱ्याचा तक्ता उघडून त्यातले सूत्र वाचता येत होते. पुढच्या काळात शेतकऱ्याचा विमा, कर्जाचा हप्ता, गावाचा निधी हे सगळे कोणाच्यातरी तक्त्यातून ठरणार आहे. तो उघडून वाचायला शिकवणे हे शाळेचे काम आहे. म्हणून वर्गात मुद्दाम एक चूक पेरलेला तक्ता द्यावा आणि ती शोधायला सांगावी.

हे परीक्षेत नसेल तर होणार नाही, हेही खरे. दहावीच्या गणितात २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. त्यातला थोडा वाटा मुलांनी स्वतः मांडलेल्या एका तक्त्याला आणि त्याखाली लिहिलेल्या अर्ध्या पानाच्या निष्कर्षाला देता येईल. केंद्राच्या शिक्षण परिषदेतली एक बैठक परिपत्रकांऐवजी या कामाला द्यावी. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने पाऊस, मासळी, आंबा आणि जनगणना यांच्या नुसत्या आकडेवारीचा एक संच शाळांना पुरवावा. पुढची जनगणना २०२७ ची आहे. रत्नागिरीचे नवे आकडे जाहीर होतील तेव्हा आज सातवी-आठवीत असलेली मुले वरच्या वर्गांत असतील, आणि जिल्ह्याची घट चालू राहिली की थांबली, हे वर्तमानपत्राची वाट न पाहता त्यांना स्वतःच काढता येईल.